छबूची आई

"आ कर. अजून. अजून थोडा."

उन्मेष सरांनी बॅटरीचा झोत माझ्या तोंडात मारला आणि डोळे बारीक केले. त्यांच्या मागे कॅमेरावाले वाकले होते, त्यांच्या मागे सरांची सहायक तेजूताई, तिच्या मागे चहाचा ट्रे घेतलेले रंगादादा, आणि सगळ्यांच्या मागे पदराचं टोक मुठीत धरून आई. माझ्या एका दातासाठी एवढी माणसं जमलेली मी पुढे कधीच पाहिली नाहीत. दातांच्या डॉक्टरांकडेसुद्धा नाही.

"हलतोय," सर म्हणाले.

"थोडासाच," आई मागून म्हणाली.

"थोडासा म्हणजे किती?"

"म्हणजे, जिभेनं ढकलला तर."

"मग जिभेनं ढकलायचा नाही," सर मला म्हणाले. इतक्या गंभीरपणे म्हणाले, की मी तोंड उघडं ठेवूनच मान हलवली.

तेव्हा मी सात वर्षांची होते. खालचे दोन दात कधीच पडून नवे आले होते. हा वरचा, समोरचा, डावीकडचा. कुठल्याही शाळेतल्या कुठल्याही पोरीचा या वयात हलतो तसाच हलत होता, पण त्या पोरी सिनेमात नव्हत्या. मी होते. त्याआधी एका मालिकेत मी नायिकेचं लहानपण केलं होतं. झोपाळ्यावर बसायचं आणि एकदा "बाबा" म्हणून हाक मारायची, एवढंच. ती हाक उन्मेष सरांनी कुठेतरी टीव्हीवर ऐकली आणि पुण्याहून थेट आमच्या कोल्हापुरातल्या दोन खोल्यांत आले. त्यांच्या सिनेमातली छबू त्यांना सापडली होती म्हणे.

सिनेमाची गोष्ट साधी होती. छबू नावाची मुलगी जत्रेत हरवते आणि आईला शोधत फिरते. सकाळी हरवते, संध्याकाळी सापडते. अख्खा सिनेमा एका दिवसात घडत होता, आणि सगळा घोळ तिथेच होता. सकाळी जिलेबीच्या दुकानापुढे उभ्या असलेल्या छबूला दात आहे आणि दुपारी पाळण्यापाशी तो नाही, असं कसं चालेल?

सुरुवातीचं दोन दिवसांचं काम झालं होतं. मग सिनेमातल्या आईचा, म्हणजे मुख्य नटीचा, पाय मुरगळला आणि शूटिंग तीन आठवडे पुढे गेलं. तेवढ्यात माझ्या दातानं डाव साधला.

"खोटा दात बसवता येतो की," कॅमेरावाले म्हणाले.

"मागच्या सिनेमात बसवला होता. पोरगं सगळा सिनेमाभर जिभेनं तोच चाळत बसलं." सरांनी बॅटरी बंद केली. "आत्ता मुलगी बदलली तर दोन दिवसांचं काम पुन्हा करावं लागेल. मध्येच दात पडला तर सगळंच. पाय बरा होऊन बाई सोमवारी येतायत. सोमवारी सकाळी बघू. एवढाच हलत असला तर देवाचं नाव घेऊन पुढे जाऊ. तोवर हिचे पाठमोरे शॉट घेऊन ठेवा." मग तेजूताईकडे वळून, आवाज जरा खाली आणून ते म्हणाले, "आणि एक दुसरी मुलगी बघून ठेव."

मोठ्या माणसांना वाटतं की आवाज खाली आणला की मुलांना ऐकू येत नाही. मुलांचे कान खालीच असतात.

शूटिंग शहराबाहेर एका पडीक रानात होतं. तिथे जत्रा उभी केली होती. पाळणा, बांगड्यांची दुकानं, फुगेवाले, आणि एका बाजूला देवळाशेजारच्या घरांची रांग. त्या घरांना पुढची भिंत तेवढी होती. मागे नुसते बांबू. कौलंही कागदाच्या लगद्याची, वरून गेरू मारलेली. जत्रा खोटी असली तरी खाऊ मात्र खरा होता. गुडदाणी, चिक्की, फुटाणे, शेव. कॅमेऱ्यात खरं दिसायला हवं म्हणून. आणि त्या सगळ्यातलं काहीच मला तोंडात घालायला परवानगी नव्हती.

आई मला भात भरवायची. असा मऊ, की चावावाच लागू नये. पोळी दुधात कुस्करून, सफरचंद किसून. रंगादादा बिस्कीट चहात बुडवून, ते पडायच्या आत माझ्या तोंडाशी धरायचे आणि म्हणायचे, "घ्या छबूबाई, तुमच्या दाताच्या सासूबाई काही म्हणणार नाहीत याला."

मी उजव्या बाजूनंच खायची. हसताना तोंड मिटून हसायची. वारा आला तर ओठ आवळायची. झोपतानाही तोंडावर हात ठेवून झोपायची. हे मला आठवत नाही, आईनं नंतर सांगितलं.

छबू हे नाव मात्र घरीही होतं. पहिल्याच दिवशी सरांनी आईला बजावलं होतं, "सिनेमा होईपर्यंत घरीसुद्धा तिला छबूच म्हणायचं. हाक मारली की ती विचार न करता वळली पाहिजे. लहान मुलांचा अभिनय म्हणजे दुसरं काय असतं?" आईनं ते मंत्रासारखं धरून ठेवलं. छबू, अंघोळीला चल. छबू, वेणी घालू ये. छबू, तोंड उघड. शाळेतून रजा घेतलेली होती, त्यामुळे मैथिली म्हणणारं दुसरं कुणी उरलंच नव्हतं. पप्पा फौंड्रीतून थकून यायचे आणि विसरायचे.

"मैथिली, जरा पाणी आण."

"छबू म्हणा की हो," आई आतून म्हणायची.

"बरं, छबू. उद्या मला फुगेवाला म्हणाल तुम्ही."

"शोभेल तुम्हाला."

आईसुद्धा तिथे बदलली होती. तिचं नाव विजयमाला, पण ते तिथे कुणाला ठाऊक नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. सेटवर ती छबूची आई होती. छबूची आई, तिला तयार करा. छबूची आई, चहा घ्या. छबूची आई, ऊन लागू देऊ नका हं पोरीला. हाक आली की ती झटकन उठायची, पदर सावरायची, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळायचं. तिनं दोन नव्या साड्या घेतल्या होत्या. मेकअपच्या राहुटीशेजारी, कडुनिंबाखाली, तिची लाल प्लास्टिकची खुर्ची ठरलेली होती. तिला छबूची सगळी वाक्यं पाठ होती. मी बोलत असताना तिचे ओठ हलायचे. एकदा आवाज रेकॉर्ड करणाऱ्या दादांनी कानावरचा हेडफोन काढून म्हटलं, "ताई, तुमची पण छबू ऐकू येतेय मला." सगळे हसले. आई लाजून राहुटीत गेली. पण पुढच्या शॉटला तिचे ओठ पुन्हा हलत होते, मी पाहिलं.

शनिवारी स्वरा आली.

सांगलीकडची. माझ्याहून दीड वर्षानं लहान, गोरी, गालाला खळी. तिची आई हातात दोन पिशव्या आणि खांद्याला पाण्याची बाटली अडकवून गाडीतून उतरली आणि उतरल्या उतरल्या म्हणाली, "आमचीचा एकपण हलत नाही हं. दाखव गं."

स्वरानं दात दाखवले. बारीक, पांढरे, दाण्यांच्या ओळीसारखे.

"छान आहेत," माझी आई म्हणाली. मग आणखी काहीतरी म्हणायला हवं म्हणून, "मंजन कुठलं वापरता?"

"मंजन कुठलं, आमच्या सासरचीच हाडं घट्ट आहेत."

तासाभरात दोघी एकाच डब्यातून खात होत्या. स्वराच्या आईनं आणलेली शेंगदाण्याची चटणी आईला आवडली. मला ती भाताला लावूनसुद्धा मिळाली नाही, दाणे बारीक राहिले असतील म्हणून. स्वराच्या आईला तिथे स्वराची आई म्हणत होते. तिला दुसरी खुर्ची दिली होती, पांढरी.

मी ते सगळं बघत होते आणि सात वर्षांच्या डोक्यानं एक हिशोब मांडत होते.

छबूचा निळा फ्रॉक होता. मी तो घालत होते. पण तो माझा नव्हता, संध्याकाळी कपड्यांच्या पेटीत परत जायचा. छबूच्या चपला होत्या. त्याही माझ्या नव्हत्या. छबूचा कापडी ससा होता, तोही नाही. दात पडला की हे सगळं स्वराला जाणार, हे मला कळलं होतं आणि त्याचं मला फारसं काही वाटत नव्हतं. फ्रॉक मानेला टोचायचा.

पण छबूची एक आई होती. लाल खुर्चीत बसणारी.

एवढी मोठी घोडी झालेली मुलगी असं कसं समजेल, असं आज कुणाला वाटेल. मलाही वाटतं. पण पप्पा चुकून म्हणत तेवढं सोडलं, तर दोन महिने कुणी माझ्या नावानं हाक मारली नव्हती. आईनंसुद्धा नाही. ती सकाळी उठवायची ती छबूला. तोंडात बघायची ते छबूच्या. कडेवर घेऊन उन्हातून सावलीत न्यायची ती छबूला. मग छबूच दुसरी झाली, तर?

त्या दुपारी जेवणाची सुट्टी झाली. आई डबा धुवायला गेली. स्वराची आई तेजूताईपाशी उभी राहून तिला स्वराच्या बालवाडीतल्या बक्षिसांविषयी सांगत होती. मी आणि स्वरा राहुटीत सतरंजीवर बसलो होतो. ती छबूच्या कापडी सशाचे कान ओढत होती.

"ओढू नको. शिवण उसवते," मी म्हटलं. मग म्हटलं, "तुला छबू व्हायचंय ना?"

तिनं खांदे उडवले. "आई म्हणती."

"मग तुला सगळं सांगून ठेवते. नीट ऐक. ती चहा कमी साखरेचा घेते. रंगादादांना आधीच सांगायचं, नाहीतर ते सगळ्यांसारखा देतात. उन्हात फिरली की तिचं डोकं दुखतं. मग कपाळ दाबायचं. इथं नाही, इथं, भुवईच्या वर. दोन्ही अंगठ्यांनी."

मी तिच्या कपाळावर दाखवलं. तिनं डोळे मिटून दाबून घेतलं.

"ती रागावली की बोलत नाही. तेव्हा आपणही बोलायचं नाही. नुसतं जवळ जाऊन बसायचं. थोड्या वेळानं ती आपोआप वेणी घालायला घेते. वेणी घालताना हलायचं नाही, भांग वाकडा जातो."

"कोण?" स्वरानं विचारलं.

"छबूची आई."

"पण मला माझी आई हाय की."

याचा मी विचार केलेला नव्हता. बाहेर स्वराच्या आईचा आवाज येत होता, फॅन्सी ड्रेसमध्ये पहिला नंबर, नाचात दुसरा.

"ती पण राहील," मी म्हटलं. "तुला दोन होतील."

"मग तू?"

"मी पप्पांकडे राहीन. पप्पांना भात येतो."

आणि जिभेनं, न ढकलता, नुसतं हळूच शिवून पाहिलं. दात होता.

आई जरा उशिरानं आली. हात ओले होते. तिनं डबा पिशवीत ठेवला, पिशवीतून काढला, पुन्हा ठेवला. मग तेजूताईला जाऊन म्हणाली, "आज आम्ही लवकर जाऊ का? पाठमोरे शॉट झालेत ना?"

"जा ना. पण छबूची आई, दाताला जपा हं," तेजूताई म्हणाली. "माझासुद्धा जीव टांगणीला लागलाय."

"हो," आई म्हणाली.

आमच्याकडे तेव्हा लूना होती. मी मागे आईच्या पोटाला विळखा घालून बसायची. एरवी आई रस्ताभर छबूची वाक्यं म्हणून घ्यायची, ती एक, मी एक. त्या दिवशी ती काही बोलली नाही. रागावलीये, असं मला वाटलं, म्हणून मीही बोलले नाही. नियमच होता तसा.

कारखाने सुरू होते. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या. नाक्यावर एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या लावून उभा होता आणि ड्रायव्हर टपरीवर चहा पीत होता. आईनं लूना थांबवली. स्टँडवर लावली. माझी आई कुणाच्या परड्यातली कढीलिंबाची डहाळीसुद्धा न विचारता घेत नसे. ती सरळ ट्रॉलीपाशी गेली, पदर खोचला, आणि लोंबणाऱ्या उसांतला एक दोन्ही हातांनी ओढायला लागली.

"वहिनी, तो नगा, आतला घ्या की. त्यो वाळलाय," ड्रायव्हर टपरीवरून ओरडला.

तिनं आतला ओढला. गुडघ्यावर ठेवून मोडला. शेंडा फेकला, बुडखा ठेवला. जाड, जांभळट, कांड्या जवळ जवळ. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर मला बसवलं आणि एक कांडं माझ्या हातात दिलं.

"खा."

मला काही कळेना. कितीतरी दिवस मी मऊ भातावर होते.

"आई, दात…"

"मैथिली, खा."

मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. रस्ता होता आणि शेत होतं.

"तुलाच म्हणते," आई म्हणाली. तिचा आवाज विचित्र झाला होता. "पुढच्या दातांनी सोल. सोलता येतं ना?"

येत होतं. कोल्हापुरातल्या पोरांना ते शिकवावं लागत नाही. मी आधी बाजूनं चावायला गेले, पण तिनं माझी मान हलकेच सरळ केली. मी समोरून दात रोवले आणि साल ओढली. कट्‌ असा एक आवाज डोक्याच्या आत झाला. गोड रस आला आणि त्या रसात खारट काहीतरी. कांडं तोंडातून काढलं तर दात त्यात रुतून बसलेला, लहानसा, पांढरा, मुळाशी लाल ठिपका.

मी ओरडले नाही. आईकडे पाहत राहिले. ती आता काय करते ते मला बघायचं होतं.

आईनं नव्या साडीच्या पदरानं माझं तोंड पुसलं. लाल डाग पडला. तिनं तो पाहिला आणि तोच पदर दुमडून पुन्हा माझ्या हिरडीवर दाबून धरला. दुसऱ्या हातानं दात उसातून सोडवला आणि माझ्या मुठीत ठेवला. मग उरलेलं कांडं स्वतःच्या तोंडात धरलं, सोललं, तुकडे करून मला दिले. आम्ही दोघी दगडावर बसून अख्खा ऊस खाल्ला. ट्रॅक्टर निघून गेला तरी खात होतो.

घरी पप्पांनी माझं तोंड पाहिलं. "पडला?"

"पडला," आई म्हणाली.

"मग आता मैथिली म्हटलं तर चालेल का?"

आई स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ वाहत होता.

खालचे दोन दात पडले तेव्हा ते कौलावर फेकले होते आणि उंदराला सांगितलं होतं, माझा घे, तुझा दे. हा मी फेकू दिला नाही. हातरुमालात बांधून मुठीत ठेवला. न जाणो, लावता आला तर.

दुसऱ्या दिवशी आम्ही सेटवर गेलो. आईनं जुनीच साडी नेसली होती, घरात नेसायची. तिनं कुणाला मधे घातलं नाही. थेट सरांपुढे मला उभं केलं.

"पडला, सर."

सरांनी वाकून माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "कसा?"

"ऊस खाताना."

"ऊस? हिला ऊस दिला कुणी?"

"मी."

तेजूताईनं तोंडावर हात ठेवला. सरांचा चेहरा लाल झाला. "काय बाई आहात तुम्ही," ते म्हणाले. "अहो, चांगली संधी होती पोरीची. तुम्हालाच तर जास्त हवं होतं हे सगळं. मी बघत नव्हतो काय?"

सरांनी चार पावलं जाऊन एक विटकर लाथेनं उडवली, परत आले, आणि माझ्यापुढे उकिडवे बसले.

"हस बघू."

मी हसले. कितीतरी दिवसांनी तोंड उघडून हसले. खिंडारातून वारा आत गेला. सर बघत राहिले आणि त्यांनाही हसू आलं.

"चांगली दिसतेस," ते म्हणाले. "माझ्या कामाची राहिली नाहीस, पण दिसतेस चांगली." माझ्या डोक्यावर हात ठेवून ते उठले आणि ओरडले, "स्वराला फ्रॉक घाला."

निळा फ्रॉक तिला लांब झाला. खालून दुमडून टाके घातले. चपला मोठ्या झाल्या, आत कापूस भरला. ससा तिच्या हातात दिला. मी बघत होते आणि मूठ आवळत होते. आता एकच गोष्ट द्यायची राहिली होती.

आई कडुनिंबाखाली लाल खुर्चीत बसली होती. राहुटीत राहिलेली आमची वाटी, पेला आणि टॉवेल घ्यायचं निमित्त होतं, पण तिनं मला पुढ्यात ओढलं, रिबिनी सोडल्या आणि माझी वेणी घालायला घेतली. छबूच्या दोन वेण्या असायच्या, वर बांधलेल्या. ती एकच घालत होती, शाळेत जाताना घालायची तशी.

तेवढ्यात जत्रेच्या त्या टोकावरून हाक आली. तेजूताईचा आवाज, दिवसातून वीस वेळा यायचा तसाच.

"छबूची आई! ओ छबूची आई, जरा इकडे या!"

या हाकेला आई कशी उठते ते मला माहीत होतं. झटकन. पदर सावरत. केसांत तिची बोटं होती. ती आता निघतील म्हणून मी वाट पाहत होते.

शेजारची पांढरी खुर्ची धाडकन मागे पडली. "आले, आले!" स्वराची आई पिशवी सांभाळत, एक चप्पल हातात, एक पायात, धावत सुटली.

आईची बोटं केसांतच होती. तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हलू नको," ती म्हणाली. "भांग वाकडा जातोय."

मी हलले नाही. पण मूठ उघडली. आईनं वेणीचं टोक बांधलं, हातरुमाल पाहिला, आणि तिच्या लक्षात आलं.

"हा अजून टाकला नाहीस?"

"लावता येणार नाही ना?"

"नाही. टाकूया चल."

आसपास खरं घर नव्हतं. आम्ही देवळाशेजारच्या खोट्या घरांपाशी गेलो. आईनं मला कमरेला धरून वर उचललं आणि मी दात त्या गेरूच्या कौलांवर भिरकावला. तो टप्‌ असा वाजला आणि लगद्यात कुठेतरी अडकला. उंदराला सांगायचं ते सांगितलं. रंगादादा ट्रे घेऊन जाता जाता थांबले.

"ओ बाई, पुठ्ठ्याचं घर ते. पुठ्ठ्याचाच उंदीर येईल आणि पुठ्ठ्याचाच दात देईल."

आई हसली. पण हसता हसता तिनं जत्रेकडे पाहिलं. पाळणा फिरायला लागला होता. स्वरा जिलेबीच्या दुकानापुढे उभी होती आणि सरांनी "ॲक्शन" म्हटलं. स्वरानं पहिलं वाक्य म्हटलं. आईचे ओठ हलले. एवढंच. मग तिनं पिशवी उचलली आणि लूनाकडे चालायला लागली.

सिनेमा आला, आमच्या इथे आठवडाभर होता. आम्ही तिघंही गेलो. दोन तीन ठिकाणी मी आहे त्यात, गर्दीतून लांब जाणारी एक पाठ आणि वर बांधलेल्या दोन वेण्या. सरांनी ते शॉट ठेवले होते. पप्पा शेजारच्या माणसाला म्हणाले, "ही पाठ आमची." पुढे मी शाळेच्या स्नेहसंमेलनाशिवाय कुठे काम केलं नाही, आणि आईनं तो विषय काढला नाही.

गेल्या आठवड्यात माझ्या मुलीचा, अबोलीचा, पहिला दात हलायला लागला. आई आमच्याकडे आलेली होती. अबोलीनं तिच्यापुढे जाऊन आ केला. आईनं चष्मा लावून नीट पाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ऊस आणू का?"

दुपारी अबोली झोपल्यावर मी चहा ठेवला आणि इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं. "तेव्हा का दिलास गं ऊस? तुलाच तर ते सगळं हवं होतं."

"हवं होतं की," आई म्हणाली. "कुणाला नको असतं?"

"मग?"

ती ओट्याला टेकून उभी होती. "मी राहुटीच्या मागेच डबा धूत होते. कनात ती केवढी, नुसतं कापड. तू त्या पोरीला माझं कपाळ दाबायला शिकवत होतीस."

चहाला उकळी आली. मी गॅस बारीक केला. मला तिच्याकडे बघता येईना.

"सगळं ऐकलंस?"

"पप्पांना भात येतो, तिथपर्यंत." तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "सगळं बरोबर सांगितलं होतंस तिला. कपाळ, राग, वेणी. एकच चुकलीस."

"काय?"

"मला चहा गोडच लागतो. तिथं सगळी कमी साखरेचा मागायची, मग मला आपलं गावंढळ वाटायचं. सगळे दिवस फिका चहा प्याले मी तिथं. आणि तेच तू तिला शिकवत होतीस."

आणि मी इतकी वर्षं, माझ्या घरी ती आली की, तिचा कप वेगळा काढून कमी साखरेचा देत आले होते. तिनं कधी तोंडातून शब्द काढला नव्हता. मी डबा पुढे ओढला, तिच्या कपात एक चमचा घातला आणि तिच्याकडे पाहिलं.

"अजून," ती म्हणाली. "अजून थोडी."